स्थिर हात

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खोलीत चार खुर्च्या होत्या, एक बंद खिडकी होती आणि शहाबादी फरशीच्या फटींत पाऱ्याचे सतरा थेंब होते.

मुलाखतीत विभागप्रमुखांनी मला भौतिकशास्त्रातलं काहीच विचारलं नव्हतं. हातात लेसर देऊन तीन मीटरवरच्या भिंतीवर लाल ठिपका मिनिटभर स्थिर धरायला सांगितला. तो दोन सेंटिमीटरच्या आतच राहिला.

"उत्तम. उद्यापासून या."

दिवाळीआधी पिशोरहून फरकाडे सर अनुभवाचा दाखला न्यायला आले. माझ्याआधी दोन वर्षं ते याच खुर्चीत बसायचे. त्यांच्या हातातला चहा बशीत सांडत होता.

"वायुदाबमापक इथंच फुटला, मॅडम. तवापासून खोलीत पाऱ्याची वाफ हाय, तिच्यानंच हात कापाय लागले. मी तक्रार केली, तर विभागप्रमुख म्हणले, तुमचेच हात लई कापतात, प्रॅक्टिकल कसं घेणार?"

मी तडक विभागप्रमुखांकडे गेले. "सर, फरशी उकरून पारा काढायला हवा."

"माझ्याकडे अजून बारा अर्ज आहेत, मॅडम," ते हसून म्हणाले. "सगळ्यांचे हात स्थिर आहेत."

खोलीत परत येऊन मी तीन मीटरवरून भिंतीवर लेसर धरला. ठिपका नऊ सेंटिमीटर हलला.