थरथरीची रेघ

भटूच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला, तेव्हा कल्पनाने दारूलाच दोष दिला. धाग्याच्या कंपनीत ड्युटीला निघताना तो रोज सकाळी दोन घोट घ्यायचाच. शेवटी तिने त्याला लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. भटूने ती पाळली, आणि चौथ्याच महिन्यात त्याचं एक बोट मशीनमध्ये गेलं.

"खरं सांगा डॉक्टर, हे अजून चोरून पितात ना?" सिल्वासातल्या दवाखान्यात तिने विचारलं.

डॉक्टरांनी भटूच्या हाताला वायरी लावून तपासणी केली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "बेन, ही दारूने थरथरणाऱ्या हाताची रेघ, आणि ही यांच्या हाताची. दोन्ही वेगळ्या आहेत. यांचा हा नसांचा आजार आहे, जुनाच. यात दारू घेतली की हात तेवढ्यापुरता स्थिर होतो, म्हणून काहीजण पितात."

कल्पना त्या रेघांकडे बघत राहिली.



सुट्टीच्या दिवशी भटू कधीच प्यायला नव्हता.