चौघींचं बॅटन

काल दिवसभर उलट्या झाल्या, पण आज मी ठणठणीत होते. “बरं वाटलं तरी दोन दिवस कुणात मिसळायचं नाही,” आईनं बजावलेलं. “नुसती बघायला जाते,” म्हणत मी मैदान गाठलं आणि धावायचे बूट चढवले! रिलेची अंतिम फेरी, पहिली धावणार मी. दुसरी माझी जिवलग मैत्रीण. केस बांधायला तिनं बॅटन दातांत धरलं, मग माझ्यापुढे केलं. “धर ना, बघतेस काय?” माझा हात थबकला. माझ्यानंतर ते तिघींच्या हातांत जाणार, आणि ही बया तर ते दातांतही धरते. “सर, राखीव मुलीला पळवा. माझं उलट्यांचं दुखणं यांनाही लागेल.” “हे आत्ता सांगतेस?” सर कडाडले. आमचा चौथा नंबर आला. मैत्रीण रडत गळ्यात पडायला धावली. “तिथेच थांब गं,” मी मागे सरकले. “रडूया दोघी, पण लांबून.”