जपाचं यंत्र

बदलापूरच्या द्रौपदीबाई रोज सकाळी बोटातल्या यंत्रावर नामजप मोजत आणि आकडा महाराजांच्या ग्रुपवर टाकत. परजातीत लग्न केलेल्या लेकीशी बोलायचं नाही, ही महाराजांची आज्ञा त्या सहा वर्षं पाळत होत्या. "आता मला काही वाटतसुद्धा नाही," असं सगळ्यांना हसून सांगत.

आज बटण कितीही दाबलं तरी आकडा शून्यावरून हलेना.

नवऱ्यानं दाबलं तर लगेच चाललं. "चांगलं चालतंय की गं," म्हणत त्यानं परत शून्य करून यंत्र टेबलावर ठेवलं.

द्रौपदीबाई यंत्राकडे बघत राहिल्या. तोंडातून नकळत निघालं, "तेजल."

कुणी हात न लावता आकडा एक झाला.

त्यांनी अंबरनाथला राहणाऱ्या लेकीला फोन लावला.

"आई?" तेजल म्हणाली. "आत्ता तूच हाक मारलीस ना? मी दार उघडून उभी आहे."