बुकिंगचा भाग कुणाचा

प्रोग्रॅममधला बुकिंगचा अख्खा भाग आपण एकट्यानं लिहिला, हे कंपनीच्या मॅडमच्या गळी उतरलं की सीनियर प्रोग्रॅमरची टीमलीडच्या जागेवर बढती पक्की होती. त्यानं ऐटीत प्रोग्रॅम सुरू केला आणि तो मॅडमच्या डोळ्यांदेखत कोसळला. पडद्यावर उरले नुसते मेमरीच्या पत्त्यांचे आकडे.

त्याच्या हाताखालच्या प्रोग्रॅमर मुलीनं ते आकडे आपल्या मशीनला भरवले. एकेका आकड्याच्या जागी फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या त्या तुकड्याचं, नाव उमटलं.

"सर, बुकिंगमध्येच पडलाय. तुमच्या भागात."

"माझा कसला?" तो घाईघाईनं म्हणाला. "पहिल्या ओळीपासून सगळं हिनंच लिहिलंय, मॅडम."

"हो मॅडम, मीच," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "चूकही माझीच. आत्ता काढते."

चहा येईपर्यंत प्रोग्रॅम चालू झाला. चूक तिची होती, बढतीही तिलाच मिळाली. त्या चुकीचा भुर्दंड तेवढा सरांना पडला.