खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमीला अंबडच्या आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि हायड्रॉलिक प्रेसपुढे फोरमन नारळ फोडायचा. सत्त्याण्णव साली फोरमन झाल्या उज्ज्वला मॅडम. त्यांनी नारळ उचलताच वयानं थोरले पुंजाआबा पुढे सरसावले. “बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो, मॅडम. मशीन लय रुसतं.” “मग कुणी फोडायचा, आबा?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोरमनपदाच्या यादीत मीच पहिला होतो. सफारीसुद्धा शिवून ठेवली होती. मॅडमनी नारळ माझ्या हाती दिला. पण तीनच महिन्यांपूर्वी, आषाढात, माझे दोन्ही हात प्रेसच्या आत असताना हेच मशीन अचानक खाली येऊ लागलं, तेव्हा ही मंडळी देवाचा धावा करत होती. स्विच बंद केला तो मॅडमनी. मी दहाही बोटांनी नारळ त्यांना परत दिला. “फोडा, मॅडम.” एका फटक्यात फुटला. खोबऱ्यासाठी पहिला हात पुंजाआबांनीच पुढे केला.