आजचं पान

उकंडानं पुस्तक उघडलं, तर आजचंच पान सापडेना. कालचं निघालं आणि त्याच्यापुढं एकदम परवाचं. मधली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. त्यानं बोटाला थुंकी लावून पाहिलं, नखानं कोपरा उचकटून पाहिला. कागदाला कणकेच्या खळीचा वास येत होता.

बाहेर श्रावणनं ऑटोचा हॉर्न दाबला. दीपाची बॅग भरून दारात ठेवलेली. नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून उद्या तिची पहिली ड्यूटी होती, आणि नागपूरची एसटी काही मारेगावच्या स्टँडवर कोणाची वाट पाहत थांबत नाही. पण या घरात पान वाचल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. रोज एक पान, तारखेप्रमाणं. वर बायबलमधलं एक वचन, मग दहा-बारा ओळींचं मनन, खाली प्रार्थना. पुस्तकावर साल नाही, नुसत्या तारखा. डिसेंबर संपला की पुन्हा जानेवारीपासून सुरू. चर्चमधल्या निम्म्या घरांत हेच पुस्तक. बाजारात भेटले तरी लोक आधी विचारायचे, आज काय निघालं?

"दुसरं कोनतं बी वाचा नं बाबा," दीपा म्हणाली. "परवाचं वाचा. परवा बी मी देवाचीच राहीन."

"असं कुठं चालते काय? ज्या दिवसाचं त्या दिवसाले." उकंडानं बायकोकडं पाहिलं. "चाकू दे व जरा."

ममता उठली नाही. भाकरीचं फडकं ती उगाचच पुन्हा पुन्हा बांधत होती. शेवटी उकंडानंच चाकू आणला आणि पातं पानांत घातलं. तेव्हा मात्र तिनं झटकन येऊन त्याचं मनगट धरलं.

"मीच चिकटवलं," ती म्हणाली. "राहू द्या तसंच."

"काहून व? देवाचं पुस्तक हाये ते!"

"आज कोनती तारीख हाये, तुमाले मालूम नाही?"

त्याला मालूम नसायला काय झालं! गेल्या साली याच तारखेला हेच पान रोशननं वाचलं होतं. त्यांचा थोरला. नेहमीसारखं घाईघाईत, एक पाय बुटात घालून. प्रवासाला निघालेल्याला देव कसा सांभाळतो, त्यावरच होतं ते पान. आमेन म्हणून पोरगा मोटरसायकलला किक मारून वणीला निघाला, आणि दुपारी त्याला ट्रकखालून काढायला बापाला जावं लागलं.

"हे पान वाचून आनखी एक लेकरू मी बाहेर जाऊ देनार नाही," ममता म्हणाली. "नाही वाचलं तं नाही होत काही."

आता याला काय म्हणावं? पानानं थोडंच काही केलं होतं! दीपाला ते कळत होतं, उकंडालाही कळत होतं. तरी चाकूचं पातं जिथल्या तिथंच राहिलं.

"खरं सांगू?" उकंडा हळूच म्हणाला. "मले बी वाचायचं नोहोतं. महिना लागला तवापासून दिवस मोजून राह्यलो, का हे पान आता येते म्हनून."

त्यानं चाकू बाजूला ठेवला. दीपा एकदम रडायला लागली.

"मंग मी जाऊच नको काय? तसं तरी सांगा नं एकदाचं!"

न वाचता धाडायची दोघांचीही छाती होईना, आणि वाचायचीही.

"दीपाबाई, गाडी निंघून जाईन बरं!" बाहेरून श्रावण ओरडला.

दीपानं डोळे पुसले, बॅग खांद्याला लावली. "जातो मी. अशीच."

"अशीच कशी जाशीन?" ममता म्हणाली.

गेल्या वर्षभरात या घरात प्रार्थना उकंडानंच केली होती. ममता डोळे मिटून नुसती बसायची, आमेनसुद्धा म्हणत नसे. पास्टर समजावून थकले होते, चर्चमधल्या बाया थकल्या होत्या. आता ती दारात लेकीच्या आडवी झाली. दीपाची ओढणी तिनं डोक्यावर सारखी केली आणि वर हात ठेवला. डोळे मात्र तिनं मिटले नाहीत. भांडायला उभं राहावं तशी ती समोर पाहत होती.

"देवा," ती म्हणाली, "मागच्या साली तुह्या भरोशावर पोरगा धाडला. तू काय केलं ते तुले माहीत हाये. आता पोरगी धाडून राह्यली. मले तुहं वचन-गिचन काही नको. तू सोताच चाल. गाडीत तिच्याजवळ बस. जागा नसन, तं उभा राह्य. पन नागपूर येईस्तोर मधात उतरू नको."