पकड

फिजिओथेरपीचा पहिलाच दिवस. नव्या पेशंटला सांगायचं ते सगळं थेरपिस्ट मुलगी हसत हसत समजावत होती. "काकू, दुखलं की लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही. खांदा हळूहळूच मोकळा होईल." काकू नुसती मान हलवत होत्या.

मग तिने आपला हात काकूंच्या हातात दिला. "धरा घट्ट. अरे वा, जोर आहे की! आता सोडा."

काकूंनी सोडला नाही. कपाळावर घाम आला, बोटं पांढरी पडली, तरी पकड ढिली होईना.

"काकू, सोडा ना, लागतंय मला!"

दाराशी उभे असलेले काका बोटं सोडवायला धावले, पण मध्येच थांबले.



"जरा वेळ धरू दे गं हिला. पुरात आमच्या लेकीचा हात हिच्याच हातातून सुटला."